तिवईचे तीन पाय

'समतोल' हा आम्हां मराठीच्या अध्यापकांचा फार लाडका शब्द आहे. समीक्षेत तो आशय आणि अभिव्यक्ती यांचा असतो, अभ्यासक्रमात साहित्य आणि भाषा यांचा असतो, आणि विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवून करायच्या उपदेशात तर तो हटकून असतो. "तुझी कवितेची जाण उत्तम आहे, पण भाषाविज्ञान कच्चे आहे, जरा समतोल साध," हे वाक्य आम्ही दोघांनी मिळून गेल्या वीसएक वर्षांत किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. या वाक्याला नेमका काही अर्थ आहे का, हा प्रश्न मात्र आम्हांला वर्गात कधी पडला नाही. तो पडला एका तलावाच्या काठी.

त्याचे असे झाले. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ट्रायथलॉन करण्याची लहर आली. दीड किलोमीटर पोहायचे, लगेच चाळीस किलोमीटर सायकल चालवायची, आणि तिथून उतरून दहा किलोमीटर धावायचे. घड्याळ एकच, ते मध्ये थांबत नाही. स्पर्धा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तलावावर होती. सायकल हा या गृहस्थांचा पक्का विषय. शाळा आठ किलोमीटरवर आणि एस.टी. बेभरवशाची, अशा गावात बालपण गेल्यामुळे तो आपोआप पक्का झालेला. धावणे मध्यम. पोहणे मात्र विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून शिकलेले; म्हणजे बुडायचे नाही एवढेच ज्ञान, आणि मुंडी सदैव पाण्याबाहेर. आमच्यापैकी दुसरी त्या दिवशी टॉवेल आणि केळी घेऊन काठावर उभी होती.

पोहण्याला एक तासाची मुदत होती. आमचे गृहस्थ छप्पन्नाव्या मिनिटाला पाण्याबाहेर आले. त्यांच्या मागे जेमतेम चार माणसे उरली होती. कपडे सावरून सायकलीवर बसेपर्यंत सहा मिनिटे गेली. गेलेला वेळ भरून काढायचा या ईर्ष्येने त्यांनी सायकल अशी हाणली की, सरावात ज्या अंतराला ९२ मिनिटे लागत ते ८५ मिनिटांत संपले. काठावरून आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या बदलाला तीन मिनिटे गेली आणि मग धावताना पोटऱ्यांत गोळे आले. सरावात ६४ मिनिटांत होणाऱ्या दहा किलोमीटरला ७८ मिनिटे लागली, त्यांतील निम्मे अंतर चालत. एकूण तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटे. चार तासांच्या आत असल्यामुळे पदक मिळाले.

सोमवारी अध्यापक-कक्षात हे सगळे आकडे आम्ही एका कोऱ्या पुरवणीच्या पाठीवर मांडले. पोहण्यातला कमीपणा झाकण्यासाठी सायकलीवर सात मिनिटे कमावली आणि त्याची किंमत म्हणून धावण्यात चौदा मिनिटे घालवली. म्हणजे नुकसान झाले होते ते कच्च्या विषयापायी जितके, तितकेच पक्क्या विषयाच्या गुर्मीपायी. आपण विद्यार्थ्यांना जो 'समतोल' सांगतो त्यात या हिशेबाला कुठेच जागा नाही, हे त्या पुरवणीकडे पाहताना आमच्या ध्यानात आले. त्यानंतर आम्ही या खेळाविषयी मिळेल ते वाचले आणि पाहिले. त्यातून आमचे जे मत झाले ते येथे मांडत आहोत.

या खेळाचा जन्मच मुळी एका वादातून झाला आहे. ट्रायथलॉन या नावाची पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे येथे झाली. परंतु ज्या स्पर्धेमुळे हा खेळ जगाला ठाऊक झाला ती हवाई बेटांवरची. तेथे धावणारे श्रेष्ठ की पोहणारे, यावर खेळाडूंमध्ये वाद रंगला असता जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने त्यात सायकलपटूंची बाजू घुसवली आणि एक तोडगा सुचवला. ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या स्पर्धा आधीपासून होत होत्या: वाइकीकीच्या समुद्रातील पोहण्याची, बेटाला वळसा घालणारी सायकलीची आणि होनोलुलूची मॅरेथॉन. त्या तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करायच्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण उतरले, बारा जणांनी शेवट गाठला, आणि गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांहून थोड्या अधिक वेळात पहिला आला. आज 'आयर्नमॅन' म्हणून प्रसिद्ध असलेली अंतरे, म्हणजे सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, ही अशी जुळून आलेली आहेत. तिन्ही कौशल्यांना समान न्याय मिळावा म्हणून कोणी ती तराजूत घालून ठरवलेली नाहीत.

ही बाब आम्हांला महत्त्वाची वाटते. समतोल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तराजूची दोन पारडी येतात, आणि मग तिन्ही विषयांना सारखाच वेळ, सारखाच घाम दिला पाहिजे असे आपण गृहीत धरतो. परंतु ट्रायथलॉनमध्ये तीन विषयांचे वजन मुळातच सारखे नाही. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत सामान्य स्पर्धकाचा एकूण वेळापैकी साधारण दहावा हिस्सा पाण्यात जातो आणि निम्मा सायकलीवर. ऑलिंपिकच्या अंतरातही, म्हणजे दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर या मापात, पुरुषांची शर्यत साधारण पावणेदोन तासांची होते. त्यातील अठरा-वीस मिनिटे पोहण्याची, अर्धा तास धावण्याचा आणि उरलेला मोठा हिस्सा सायकलीचा असतो. आठवड्याला नऊ तास असलेल्या माणसाने तीन, तीन, तीन अशी वाटणी केली तर ती दिसायला निष्पक्षपाती दिसेल, पण हिशेबाने ती चुकीची ठरू शकते. पोहण्याचा वेळ दहा टक्क्यांनी कमी करणे आणि सायकलीचा वेळ दहा टक्क्यांनी कमी करणे यांची मिनिटांतली किंमत एक नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पोहण्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. येथेच दुसरे गणित आडवे येते. ट्रायथलॉनमध्ये एकूण वेळ मोजला जातो हे खरे, पण त्याबरोबरच टप्प्याटप्प्याला मुदतीही असतात. पूर्ण आयर्नमॅनमध्ये पोहण्यासाठी साधारणपणे दोन तास वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात पाण्याबाहेर न आलेल्या माणसाची सायकल कितीही उत्तम असली तरी ती जागेवरच उभी राहते. आपल्या विद्यापीठीय भाषेत सांगायचे तर येथे एकूण गुणांचीही अट आहे आणि प्रत्येक विषयात स्वतंत्र उत्तीर्ण होण्याचीही. आणि या परीक्षेत एटीकेटी नाही. म्हणून कच्च्या विषयाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला: याच्यामुळे मी दाराबाहेरच अडणार आहे का? दुसरा: अडणार नसेन, तर याची मला एकूण किती किंमत पडते आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवून त्या विषयामागे लागले पाहिजे. ते नकारार्थी असेल तर त्या विषयाला इतरांच्या रांगेत उभे करून त्याचा भाव ठरवला पाहिजे. 'जरा समतोल साध' म्हणणारा उपदेशक हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून टाकतो.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कच्चेपणाची किंमत त्या कच्चेपणात नसते, ती परीक्षेच्या नियमांत असते. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदा २००० साली सिडनीला आले. तेथील शर्यतींत सायकलीवर एकमेकांच्या मागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेण्याची मुभा असते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याची बरीच शक्ती वाचते. त्यामुळे पाण्यातून आघाडीच्या घोळक्याबरोबर बाहेर पडणाऱ्याला चाळीस किलोमीटर सोबत मिळते. अर्ध्या मिनिटाने मागे राहिलेल्याच्या वाट्याला एक तर पाठलाग येतो किंवा मागचा, दमलेला घोळका. म्हणजे पाण्यातल्या तीस सेकंदांची किंमत पुढे कित्येक पट होऊन वसूल केली जाते. आयर्नमॅनमध्ये मात्र ड्राफ्टिंगला बंदी आहे. ठराविक अंतर राखून प्रत्येकाने आपापला वारा कापायचा असतो. कॅनडाचा लायनेल सँडर्स हा पोहण्यात तुलनेने कच्चा म्हणून ओळखला जाणारा खेळाडू. २०१७ साली हवाईतील कोना येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो पाण्यातून आघाडीच्या खेळाडूंपेक्षा काही मिनिटे उशिरा बाहेर आला, सायकलीवर त्याने ती तूट भरून काढली, मॅरेथॉनमध्ये आघाडीही घेतली आणि शेवटच्या काही किलोमीटरांत पॅट्रिक लांगेने गाठल्यामुळे दुसरा आला. ड्राफ्टिंगची मुभा असलेल्या शर्यतीत तेच पोहणे त्याला घोळक्याबाहेर ठेवण्यास पुरेसे झाले असते. माणूस तोच, हात मारण्याची रीत तीच, पण एके ठिकाणी ती परवडणारी तूट आणि दुसरीकडे जवळजवळ अपात्रता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. अमुक लेखक 'कथानकात दुबळा' असे आपण सहज लिहितो, तेव्हा तो दुबळेपणा लेखकाच्या अंगी असलेला काही रोग आहे असे आपण मानतो. त्याची किंमत कादंबरीत एक असेल, ललितनिबंधात जवळजवळ शून्य असेल, हे आपण विसरतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत तर आपण हे नेहमीच विसरतो.

आता पक्क्या विषयाकडे वळू. कारण आमच्या मते या खेळाचा सर्वांत मोठा धडा तेथे आहे. इंग्लंडची ल्यूसी चार्ल्स-बार्कली ही मूळची जलतरणपटू. कोनाच्या समुद्रातून सर्वांच्या आधी बाहेर येणारी. परंतु २०१७, २०१८, २०१९ आणि २०२२ या चारही वर्षी ती कोनाला दुसरी आली. पुढे कधी डॅनिएला रीफ, कधी ॲन हाउग, कधी चेल्सी सोडारो. पक्का विषय पहिला आणि सर्वांत लहान. त्यातून मिळालेली आघाडी पुढच्या दोन लांब विषयांत पुरवून पुरवून वापरावी लागे आणि ती अखेरीस संपे. २०२३ साली तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत आघाडी सोडली नाही आणि ८ तास २४ मिनिटे ३१ सेकंदांत त्या मार्गावरील महिलांचा तोवरचा विक्रम मोडून ती जिंकली. तिने पोहणे कमी केले म्हणून ती जिंकली नाही. पोहण्यातून मिळालेली आघाडी संपणार नाही इतपत तिचे बाकीचे दोन विषय वर आले, हे त्यामागचे साधे कारण आहे. पक्क्या विषयाची खरी किंमत किती, हे कच्चे विषय ठरवतात.

याउलट उदाहरण अमेरिकेच्या मार्क ॲलनचे. ऐंशीच्या दशकात हवाईला डेव्ह स्कॉटचे राज्य होते. १९८७ पर्यंत त्याने ती स्पर्धा सहा वेळा जिंकली. त्या १९८७ च्या स्पर्धेत ॲलन मॅरेथॉनमध्ये आघाडीवर होता, पण तो कोलमडला, चालू लागला, दुसरा आला आणि नंतर त्याला रुग्णालयात न्यावे लागले. पुढे १९८९ साली त्याने दिवसभर स्कॉटच्या खांद्याला खांदा लावून शर्यत केली आणि अगदी शेवटच्या चढावर, शर्यत थोडीशीच उरली असताना, तो पुढे निघाला. आठ तासांहून अधिक चाललेल्या त्या झुंजीत दोघांमध्ये फरक राहिला तो ५८ सेकंदांचा. ॲलनने सरावाची पद्धत बदलली होती: हृदयाचे ठोके ठराविक मर्यादेत ठेवून, वेगवान माणसाला लाज वाटेल इतक्या संथपणे तो दीर्घकाळ सराव करी. म्हणजे त्याने आपल्या सामर्थ्याला लगाम घालण्याची सवय लावून घेतली. आमच्या गृहस्थांना तलावाकाठच्या त्या सायकलीवर जे जमले नाही, ते हेच.

या लगामाला शास्त्रीय आधार आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर रोध चौपट. म्हणून सायकलीवर शेवटची पाच-सात मिनिटे कमावण्यासाठी जी शक्ती लागते ती आधीच्या मिनिटांच्या तुलनेत फार महाग पडते, आणि ती धावण्याच्या खात्यातून उसनी घेतलेली असते. पाण्यात हाच रोध आणखी कठोर असतो, आणि म्हणूनच कच्च्या पोहणाऱ्याने ताकदीच्या मागे लागून फारसे काही हाती लागत नाही. मुंडी वर काढली की कंबर आणि पाय खाली जातात, अंग पाण्यात तिरपे होते आणि माणूस आपल्याच शरीराचा नांगर ओढत राहतो. आमच्या गृहस्थांना पुढच्या वर्षी शिकवणारे प्रशिक्षक वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढे होते. ते म्हणाले, "सर, तुम्हांला जलतरणपटू नाही व्हायचं. तोंड पाण्यात ठेवा, आणि श्वास पाण्यातच सोडा. एवढंच करा तीन महिने." गृहस्थांनी तेवढेच केले. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास.

दुसऱ्या वर्षीचे आकडे असे: पोहणे ४९ मिनिटे, पहिला बदल चार, सायकल ९१, दुसरा बदल तीन, धावणे ६८. एकूण तीन तास पस्तीस मिनिटे, म्हणजे तेरा मिनिटांची बचत. सायकल मुद्दाम सहा मिनिटांनी सावकाश चालवलेली होती. पोहण्यात सात मिनिटे वाचली, पण धावण्यात दहा वाचली, आणि धावण्याचा सराव तर काहीच वाढवला नव्हता. एका विषयातली सुधारणा दुसऱ्याच विषयाच्या रकान्यात जमा झालेली आम्ही प्रथमच पाहिली.

दोन बदलांतील वेळाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ट्रायथलॉनवाले त्याला चौथा विषय म्हणतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या जोनाथन ब्राउनलीने ठरलेल्या रेषेच्या आधीच सायकलीवर टांग टाकली, म्हणून त्याला पंधरा सेकंदांची शिक्षा झाली. ती भोगूनही तो तिसरा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्देन या दोघींची वेळ एकच नोंदली गेली, १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद, आणि सुवर्णपदक छायाचित्र पाहून स्पिरिगला द्यावे लागले. जेथे फरक एवढा बारीक असतो तेथे बुटाच्या नाड्याही विषय होतात. सायकलीवरून उतरल्यावर पहिली काही मिनिटे पाय लाकडासारखे वाटतात. त्याची सवय व्हावी म्हणून सायकल आणि धावणे जोडून सराव करतात, त्याला 'ब्रिक' म्हणतात. सुटे सुटे विषय पक्के करून ही सवय लागत नाही. आमच्या अभ्यासक्रमात भाषाविज्ञान एका तासाला आणि कविता पुढच्या तासाला असते, मधल्या दहा मिनिटांत मुले चहाला जातात, आणि शैलीविज्ञान समजत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो. ध्वनिविचार शिकलेल्या मुलाला कवितेतला तोच ध्वनी दाखवणारा जोड-तास कोणाच्याच वेळापत्रकात नसतो.

येथवर आमचे एकमत आहे. पुढच्या मुद्द्यावर नाही, आणि तेही नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्यापैकी दुसरीचे म्हणणे असे की, हा सगळा खटाटोप करायचाच कशाला? हौशी स्पर्धांत अनेकदा तिघांच्या संघाला रिले करता येते: एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने धावायचे. विद्येचे जग खरे तर असेच चालते. कोशकार कोश करतो, कवी कविता लिहितो, समीक्षक समीक्षा. ज्याला कवितेचा कान आहे त्याने रूपिमांच्या व्याख्या घोकण्यात दोन वर्षे का घालवावीत? पहिल्याचे उत्तर असे की, ऑलिंपिकमध्ये २०२१ साली टोकियोत जो मिश्र सांघिक रिले आला त्यात दोन स्त्रिया आणि दोन पुरुष असतात, पण प्रत्येकाला तिन्ही प्रकार करावे लागतात, अंतरे मात्र छोटी असतात. सहकार्य असावे, पण प्रत्येकाच्या अंगाला थोडे तरी पाणी लागलेले असावे. कवितेचा कान असलेल्या माणसाला स्वर आणि व्यंजन यांचा विचारच ठाऊक नसेल तर त्याला आपण काय ऐकले हे दुसऱ्याला सांगता येत नाही. हा वाद आमच्यात मिटलेला नाही. मात्र कच्च्या विषयाचे अंतर छोटे करता येते, ही सूचना दोघांनाही पटली आहे.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एम.ए.ला एक विद्यार्थी होता. पोलिस भरतीसाठी पहाटे धावायचा आणि दुपारी वर्गात येऊन कवितेवर असे काही बोलायचा की आम्ही खडू खाली ठेवून ऐकत बसायचो. भाषाविज्ञानाच्या पेपरात तो दोनदा अनुत्तीर्ण झाला. दोन्ही वेळा आम्ही त्याला तेच वाक्य ऐकवले: समतोल साध. त्याने काय केले ते आम्हांला फार उशिरा कळले. त्याने कवितेचे वाचन बंद केले, सगळा वेळ भाषाविज्ञानाला दिला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक पाठ करायला घेतले, आणि परीक्षेत जो एक प्रश्न मनासारखा आला त्यावर आठ पाने लिहिली. बाकीच्या प्रश्नांना वेळ उरला नाही. म्हणजे आमच्या गृहस्थांनी सायकलीवर जे केले तेच त्याने त्या तीन तासांत केले. तिसऱ्यांदा तो परीक्षेला बसला नाही. "सर, मॅडम, माझं जरा एकांगीच आहे," असे म्हणून त्याने दाखला नेला. त्याला सही करून दाखला देताना आम्ही दोघेही हजर होतो.

त्याचे एकांगी असणे हा दोष नव्हता. त्याला चाळीस गुण हवे होते. दहापैकी सहा घटक सोडून दिले असते तरी ते मिळाले असते. प्रत्येक प्रश्नाला पस्तीस मिनिटांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत आणि कविता वाचणे एक दिवसही थांबवायचे नाही, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते. आमचे अपयश हे की, त्या वीस वर्षांच्या प्रशिक्षकाला जे ठाऊक होते ते आम्हांला ठाऊक नव्हते. त्याने आमच्या गृहस्थांना 'समतोल साधा' म्हटले नाही. त्याने श्वास कुठे सोडायचा ते सांगितले.

यंदा पुन्हा तशीच एक विद्यार्थिनी आमच्याकडे आहे. तिला आम्ही बसवून कागदावर चार ओळी लिहून दिल्या: कोणते दोन घटक करायचे, आठवड्याला किती तास, सरावाची उत्तरपत्रिका किती मिनिटांत खाली ठेवायची, आणि दर शुक्रवारी एक कविता घेऊन यायची, तिच्यातले ध्वनी मोजायला. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. ती कागद घडी करून घेऊन गेली आहे, एवढे खरे.

समतोलासाठी तराजूऐवजी दुसरी प्रतिमा सुचवावी असे वाटते. आमच्या आजोळी देवघरात लाकडी तिवई असे. चार पायांच्या चौरंगाचा एक पाय जरासा आखूड झाला तरी तो डुगडुगतो, त्याच्याखाली कागदाची घडी घालावी लागते. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन टोके जमिनीला टेकतातच. पाय लहानमोठे असले तर ती कलते, एवढेच. प्रश्न असतो तो हा की, कल इतका तर नाही ना, की वरचा तांब्या घरंगळेल? तेवढा नसेल तर आखूड पाय लांब करण्यासाठी सुताराकडे धावायचे कारण नाही, आणि लांब पाय कापून तर मुळीच टाकू नये. तेवढा असेल तर मात्र कोणत्या पायाला किती बोटे लाकूड जोडायचे, ते मोजून सांगणारा कोणीतरी जवळ हवा. शिक्षकाचे काम ते आहे असे आम्हांला आता वाटते. वाचकांतील अध्यापकांचा अनुभव याहून निराळा असू शकेल. तो ऐकण्याची आमची तयारी आहे, कारण निदान पोहण्याच्या बाबतीत तरी आम्ही अजून मुंडी वर काढणाऱ्यांतलेच आहोत.